आजोबांच्या धनुष्यावर 1953 लिहिलंय, खरंच तेवढं जुनं आहे का?

नागभीडकर

राम राम मंडळी. दोन वर्षांपासून नुसता वाचून राहिलो, लिहायची वेळ आज पहिल्यांदा.

आमचं गाव नागभीडपासून आत, झाडीत. पावसाच्या आधी घराचे कवेलू फेरायला काढले, तेव्हा माळ्यावर धानाच्या ढोलीमागे गोणपाटात गुंडाळलेलं एक धनुष्य सापडलं. कमठा आमच्याकडं कोणाला नवीन नाही, पण हा बांबूचा नाही. मधला भाग गडद तांबूस लाकडाचा, हातात धरला की बरोबर बसतो. दोन्ही बाजू चपट्या, वरून काचेसारख्या गुळगुळीत. टोकं उलट्या दिशेला वळलेली. दोरी नाही. मुठीच्या वर लाकडात एक पितळी नाणं बसवलंय, त्यावर अस्वल. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत ग्रेलिंग, मिशिगन आणि पेटंट 1953.

आजोबा शिकारीच्या कॅम्पवर हाक्याचे मुकादम होते. घरात सांगतात की इंग्रज साहेबानं खूश होऊन दिलं. पण इंग्रज तर 47 ला गेले. मग हे 53 चं कसं?

दोन प्रश्न. एक, हे नक्की कोणत्या सालचं? दोन, चुलतभाऊ सुतारकाम करतो, तो म्हणतो पॉलिश पेपर मारून नवं करून देतो. वरच्या बाजूला थोडा मारलासुद्धा त्यानं. करू देऊ का?

जुना_तीरंदाज (अमरावती)

पहिले त्या चुलतभावाच्या हातातून पॉलिश पेपर काढा. बाकीचं संध्याकाळी सविस्तर लिहितो.

पुण्यात_अडकलेला

1953 म्हणजे सत्तर वर्षं झाली! अँटिक आहे भाऊ. विकायचं असेल तर मेसेज करा. आमच्या ओळखीत एक जण ब्रिटिशकालीन वस्तू घेतो.

जुना_तीरंदाज

हां, आता बसलो निवांत.

नाण्यावर अस्वल आणि खाली ग्रेलिंग, म्हणजे हे अमेरिकेतल्या बेअर आर्चरीचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं उलटी वळलेलं धनुष्य. फ्रेड बेअर यांनी 1933 मध्ये डेट्रॉइटला धंदा सुरू केला, 1947 मध्ये कारखाना ग्रेलिंगला नेला आणि 1978 मध्ये कंपनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. त्यामुळे ग्रेलिंग वाचलं की 1947 ते 78 एवढी पट्टी तर मिळाली. ब्रिटिशकालीन हा शब्द इथंच गळाला. पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

आता 1953. या कंपनीच्या धनुष्याबद्दल सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, परदेशातले संग्राहकसुद्धा. ते साल पेटंटचं आहे, धनुष्याचं नाही. बाण सोडताना वळलेली टोकंही उघडतात आणि काम करतात, त्या रचनेचं ते पेटंट. ते साल 1972 पर्यंतच्या धनुष्यांवर छापलं जात होतं. सातबाऱ्यावर पणजोबाचं नाव आहे म्हणून घर पणजोबानं बांधलं असं होत नाही ना, तसंच.

मग साल कशावरून काढायचं? एकाच खुणेवर विसंबायचं नाही. मी तीन गोष्टी पाहतो.

नाणं. ते 1959 पासून बसवू लागले. सुरुवातीच्या वर्षांत तांब्याचं आणि पांढऱ्या धातूचंही सापडतं. 1963 ते 70 पितळी. 1971-72 ला निकेल-सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखं दिसणारं. ही सगळी नाणी लाकडाच्या पातळीत बसवलेली, बोट फिरवलं तर कड लागत नाही. 1973 पासून प्लॅस्टिकचं, वर उचललेलं नाणं आलं. तुमचं पितळी म्हणताय, पण साठ वर्षांच्या धुरानं तांबंही पितळेसारखं दिसतं. चिंच लावू नका! कोरड्या फडक्यानं पुसून पाहा.

नंबर. हा महत्त्वाचा. मुठीजवळ, जिथं लाकूड संपून काचेची (फायबरग्लासची) पट्टी सुरू होते तिथं शाईनं लिहिलेला असतो. 1965 ते 69 या पाच वर्षांत नंबराचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. 5 असेल तर 1965, 9 असेल तर 1969. इतर वर्षांना हा नियम लावायचा नाही, नाहीतर 5 पाहून 1955 म्हणणारे भेटतात.

आणि मॉडेल, लांबी, ताण. तेही तिथंच लिहिलेलं असतं. काही मॉडेलं विशिष्ट सालीच निघाली. 52 इंची कोडिॲक मॅग्नम 1961 पासून, 48 इंची सुपर मॅग्नम 1966 पासून, सुपर कोडिॲक 1967 पासून. धनुष्यावर सुपर कोडिॲक असं नाव असेल तर ते 1953 चं असूच शकत नाही, मग पेटंट काहीही सांगो.

आता कळलं पॉलिश पेपर का काढायला सांगितला? ही सगळी माहिती शाईत आहे, कोरलेली नाही. त्यावर लाखेसारखा पातळ थर असतो. दोन हात मारले की धनुष्याचा जन्मदाखला गेला.

कापूसकाटा (यवतमाळ)

राजेहो, जन्मदाखल्यावरून आठवलं. आमच्या गावात अर्ध्या माणसाईचा जन्म 1 जुलैचा हाये. गुरुजीनं जी तारीख टाकली ते खरी. या धनुष्याचा गुरुजी बरा होता म्हणा की.

नागभीडकर

दादा, वाचून पोटात गोळा आला. चुलतभावानं वरच्या बाजूला मारला होता. पण खालच्या बाजूला हात लागला नव्हता! आज उजेडात पाहिलं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं.

ग्रिझली असं नाव. 58 इंच. 45# @ 28 इंच. आणि नंबर 7 नं सुरू होतो, मग एक अक्षर, मग आकडे. नाणं पुसलं, पितळच आहे, लाकडाच्या पातळीत.

जुना_तीरंदाज

1967.

नाणं 63 ते 70 मधलं, गाव ग्रेलिंग, नंबर 7. तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत. 45# म्हणजे दोरी 28 इंच ओढल्यावर 45 पौंड ताण, साधारण साडेवीस किलो. ग्रिझली हे त्यांचं शिकारीचं, जास्त लोकांना परवडणारं धनुष्य होतं. फार दुर्मीळ नाही. पण आमच्या भागात, मूळ शाईसकट? मला तरी दुसरं माहीत नाही.

आजोबांच्या गोष्टीलाही धक्का लागत नाही. त्या काळी नागपुरात शिकारीच्या कंपन्या होत्या, अमेरिकेतून गिऱ्हाईक यायचं, जंगलाचे ब्लॉक बुक व्हायचे. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर ते सगळं बंद पडलं. गोरा दिसला की गावात इंग्रजच. तुमचा इंग्रज बहुधा अमेरिकन होता.

सातपुडा_ताई (परतवाडा)

साल निघालं, छान. आता मी जरा रागावते, कारण पुढची चूक मला दिसतेय. धनुष्य सापडलं, साल कळलं, आता पोरं दोरी बांधून ओढणार. मी मुलांना तिरंदाजी शिकवते, हे दर वर्षी पाहते.

नागभीडकर भाऊ, तुम्ही लिहिलंत टोकं उलट्या दिशेला वळलेली आहेत. तशीच हवीत. रिकर्व्ह दोरीशिवाय पाहिलं की माणसाला वाटतं हा सी सारखा वाक आतल्या बाजूला आहे, आणि तो त्याच वाकात दोरी बांधतो. म्हणजे उलटी. तेवढ्यानं पट्ट्या सुटतात किंवा धनुष्य तडकतं. टोकं तुमच्यापासून दूर, समोर वळलेली दिसली पाहिजेत, आणि दोरी तुमच्या बाजूला.

बांधण्याआधी हे बघा:

लिंबांवर (लिंब म्हणजे धनुष्याच्या बाजू, कडुलिंब नाही, हा विनोद माझ्या वर्गात दर वर्षी होतो) केसासारख्या रेषा दिसतील. लांबीच्या दिशेनं असतील तर बहुतेक वेळा नुसत्या दिसायच्या. आडव्या असतील तर धनुष्य भिंतीवर लावा, ओढू नका. काचेखाली दुधी ढग दिसला किंवा थरांमध्ये ब्लेडचं पातं शिरलं तर डिंक सुटलाय. साठ वर्षं कवेलूखाली म्हणजे चंद्रपूरचा उन्हाळा साठ वेळा खाल्लाय त्यानं. टिनाखाली असतं तर मी बघायलाही नको म्हटलं असतं.

बोट लावून टोकांच्या खाचाही तपासा. त्या काळच्या टोकांना आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका सोसत नाही. दोरी डेक्रॉनचीच (थोडा ताणणारा पॉलिएस्टरचा धागा) घ्यायची. आणि लांबी 58 ची नाही! धनुष्यावर जी लांबी लिहितात त्याच्या 3 इंच कमी दोरी, म्हणजे 55.

बांधायला स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायची वेगळी जाड दोरी) वापरा, पायात अडकवून वाकवू नका. असं वाकवूनच पीळ पडतो. दोरी चढल्यावर टोकाकडून नजर लावून पाहा, दोरी लिंबाच्या मधोमध जाते का. एका बाजूला सरकली असेल तर पीळ आहे. थोडा असेल तर सरळ करता येतो, ते नंतर सांगीन. पहिल्या दिवशी नुसतं चढवून ठेवा, मग दोन-चार इंच ओढून सोडा असं वाढवत न्या. सोडा म्हणजे हळू परत आणा. बाण नसताना सुटं सोडायचं नाही, कधीच.

कापूसकाटा

ताई, मले एक सांगा. 45 लिहिलं हाये ते अजून 45 च हाये का, हे कसं पाहाचं? आमच्याकडं कापसाचं गाठोडं मोजाचा स्प्रिंगवाला लटकता काटा हाये. त्यानं होईल का?

सातपुडा_ताई

उत्तम होईल. काटा छताच्या आढ्याला टांगा, हुकात दोरीचा मध्य अडकवा, मूठ हातानं सरळ खाली ओढा. 28 इंच म्हणजे दोरीपासून मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक ठरलेले पावणेदोन. हा हिशोब अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेनं ठरवलेला आहे. एक काठी सव्वासव्वीस इंच कापून घ्या, अंदाज चुकणार नाही. आलेले किलो भागिले 0.4536 केले की पौंड.

वैनगंगाकाठ (भंडारा)

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या एका पाहुण्यांकडे भोसल्यांच्या काळातलं म्हणतात असं धनुष्य आहे. दोरीशिवाय ते खेकड्याच्या नांग्यांसारखं पूर्ण समोर वळतं, टोकं जवळजवळ एकमेकांना लागतात. एका बाजूला काळं चकचकीत शिंग, दुसऱ्या बाजूला रंगीत नक्षी. हेही रिकर्व्हच का?

जुना_तीरंदाज

बनावट वेगळी, तत्त्व तेच. ते शिंगाचं धनुष्य. आत लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळं सरसानं चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात. बेअरच्या धनुष्यात दोन्हीकडं काचतंतू हेच काम करतात, म्हणून मला दोन्ही एकाच घरातली वाटतात.

पाहुण्यांना हात जोडून सांगा: दोरी चढवायचा प्रयत्न करू नका. तो माहीतगाराचा उद्योग आहे. जुना सरस वाळलेला असतो, आणि खेकड्यासारखा वाक पाहून लोक हमखास उलटं वाकवतात. तेल लावू नका, ऊन दाखवू नका. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, परदेशी विकता येत नाही. ‘ओळखीत एक जण घेतो’ वाल्यांपासून सांभाळा.

नक्षीवरून काळ सांगायला मी लायक नाही. नागपूरच्या अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) फोटो घेऊन जा.

पुण्यात_अडकलेला

टोमणा पोचला 😄 मी फक्त विचारलं होतं. बरं, मग ग्रिझलीची किंमत काय येईल तेवढं तरी सांगा.

जुना_तीरंदाज

आकडा सांगणार नाही, कारण इथं बाजारच नाही. संग्राहक काय पाहतात ते सांगतो. मूळ शाई, मूळ लाखेचा थर, पीळ नसणं, आणि कोणी निशाण्याची पट्टी बसवायला भोकं पाडली नाहीत ना. डावखुऱ्यांची धनुष्यं कमी निघायची, ती शोधणारे वेगळे. वरच्या लिंबावर पेपर मारलाय तिथंच तुमची अर्धी किंमत भुस्सा होऊन उडाली.

नागभीडकर

चुलतभावाला वाचून दाखवलं. आज जेवला नाही तो.

जुना_तीरंदाज

अरे, जेवायला सांगा त्याला. नंबर वाचलाय, बाकी सगळं ठीक.

चिखली_चा_पोरगा

मंडळी, मध्येच विचारतो. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या शाळेच्या अडगळीत लोखंडी धनुष्य आहे, पोकळ नळीचं, हिरवा रंग उडालेला. इंग्लंडचं नाव आहे, अपोलो. पोरं त्यानं खेळतात.

सातपुडा_ताई

आजच काढून घ्या त्यांच्या हातातून! ॲक्लेस अँड पोलॉक या ब्रिटिश नळी कारखान्याची ती धनुष्यं. फायबरग्लास रुळण्याआधी पोलादी धनुष्यं बरीच चालली. नळी आतून गंजते, बाहेरून काही कळत नाही, आणि एके दिवशी ओढताना तुकडे होतात, तेही चेहऱ्याजवळ. संग्रहात सुंदर, हातात नाही. हेडमास्तरांना भेटून भिंतीवर टांगायला सांगा, दोरी काढून.

चिखली_चा_पोरगा

गेलो होतो. सर म्हणाले बघू. दोरी मी कापून आणली खिशात.

सातपुडा_ताई

शाबास.

वर्धेकर_मास्तर

माझ्याकडे हॉयटचं एक जुनं मोडणीचं (भाग सुटे होणारं) धनुष्य आहे, मधला भाग धातूचा. त्यावर हॉयट/ईस्टन असं आहे. यालाही नंबराची युक्ती चालते का?

जुना_तीरंदाज

नाही, ती युक्ती फक्त बेअरच्या त्या पाच वर्षांची. तुमच्याकडं नावच पुरेसं आहे. ईस्टननं हॉयट 1983 मध्ये घेतली, त्यामुळे जोडनाव असेल तर 83 नंतरचं. नुसतं हॉयट आणि मिसूरी राज्यातलं गाव असेल तर आधीचं.

गावांची नावं लक्षात ठेवा, मास्तर, अर्धं काम तिथंच होतं. बेन पिअर्सन म्हणजे आर्कान्सासमधलं पाइन ब्लफ. विंग म्हणजे टेक्सासमधलं जॅक्सनव्हिल. डेमन हॉवॅट म्हणजे वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा. शेक्सपिअर म्हणजे कॅलमझू, मिशिगन. मासेमारीची रीळं आणि काठ्या करणारी कंपनी, नाटकं लिहिणारी नाही. आणि यामाहा लिहिलेलं सापडलं तर दचकू नका. आरएक्स शंभरवाली मोटर कंपनी जिच्यातून निघाली ती वाद्यांची मूळ यामाहा कंपनी धनुष्यंही करायची, 2002 मध्ये तिनं ते बंद केलं.

नागभीडकर

आठ दिवसांनी आलो, रोवणी सुरू होती.

ताईंनी 14 धाग्यांची डेक्रॉनची दोरी करून एसटीच्या पार्सलनं पाठवली, 55 इंच. पैसे घेत नव्हत्या, शेवटी तांदळाची पिशवी उलटी पाठवली. आडव्या रेषा नाहीत. वरच्या लिंबाला किंचित पीळ आहे, तो बहुतेक माळ्यावर कोपऱ्यात उभं ठेवल्यानं. आता दोन खुंट्यांवर आडवं ठेवलंय.

कापूसकाटा काकांसारखाच काटा आमच्या सोसायटीतून आणला. सव्वासव्वीस इंचांची काठी लावली. साडेएकोणीस किलो.

कापूसकाटा

म्हणजे 43 पौंड. साठ वर्षांत दोन पौंड घट. आमच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर एका दिवसात यापेक्षा जास्त घट येते बावा.

जुना_तीरंदाज

43 म्हणजे धनुष्य जिवंत आहे. एवढं उतरणं चालायचंच. जास्त काही करू नका, मऊ फडक्यानं पुसा, मेणाचा पातळ हात द्या, बस्स. आणि उन्हाळ्यात गाडीत ठेवून कुठं नेऊ नका.

एक विचारू? घरात कोणी आहे का ज्याला ते कधी आलं ते आठवतं? 1967 हे बनवल्याचं साल. तुमच्या घरात कधी आलं ते धनुष्यावर कुठंच लिहिलेलं नाही.

नागभीडकर

आजी आहे. काल विचारलं. म्हणाली, तुझ्या बाबाच्या बारशाला साहेब आला होता, खाटेवर बसून पोळ्या खाल्ल्या त्यानं, आणि जाताना हे देऊन गेला. तुझ्या आजोबानं त्याला वाघ दाखवला होता म्हणून. मारला का विचारलं तर म्हणाली, नाही, नुसता पाहिला आणि परत आला.

बाबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर 1969 आहे. तारीख अर्थातच 1 जुलै.

मग मी तिला सांगितलं की हे 67 चं आहे, आपण इंग्रजांच्या काळातलं समजत होतो. तर ती म्हणे, त्याच्यापेक्षा जुनी माझी शिवायची मशीन आहे, तिचं कोणी साल काढत नाही.

सातपुडा_ताई

मशीन सिंगर आहे का? तिच्यावर नंबर असतो, आणि त्यावरूनही साल निघतं. आजींना म्हणावं नंबर लिहून द्या.

नागभीडकर

सिंगरच आहे. नंबर पाट्याखाली पितळेवर आहे, पण तेलानं बुजलाय. पॉलिश पेपर नाही लावत, शपथ.

जुना_तीरंदाज

रॉकेलचा बोळा फिरवा, नंबर दिसेल. आणि त्याचा वेगळा धागा काढा, इथं धनुष्यावाले गोंधळतील.